हौसाजिजीचं साठवलेलं भांडण

मी त्या यंत्राची सगळी चाचणी ते चार्जरला लावून घेतली. माझ्या टेबलावर, पंख्याखाली, वायर खोचलेली. यंत्र ज्या बाईच्या हातात जाणार होतं ती दिवसभर ओट्यावर बसते, ओट्यावर प्लग नसतो, आणि वायर काढली की असलं यंत्र बॅटरी वाचवायला स्वतःचा वेग पार खाली आणतं, या तिन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. वेगवेगळ्या ठाऊक होत्या. माझ्या डोक्यात त्यांची एकमेकींशी ओळख झाली नाही, एवढंच.

ती बाई म्हणजे हौसाजिजी. इथे गुजराती मुलखात, नवागामात, आमच्या खोल्यांच्या लायनीत शेवटून दुसरं दार तिचं. आम्ही जालन्याकडचे, ती शिंदखेड्याकडची. तिची अहिराणी आमच्या घरात निम्मी शब्दांनी कळायची आणि निम्मी जोरावर. सकाळी तिने ओट्यावरून नवऱ्याला हाक मारली की माझी आई कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडून द्यायची. ऐकूच यायच्या नाहीत.

नवरा म्हणजे बापू. बमरोलीच्या कारखान्यात लूम चालवून चालवून त्यांचे कान गेले होते. ‘लगीनना पहिले मना आवाज कोकियासारखा व्हता,’ जिजी सांगायची, ‘हाई मानूसनी मना भोंगा करी टाका.’ बापूंना हे बोलणं तिच्या ओठांवरून कळायचं. लूमच्या खडखडाटात कुणी कुणाला ऐकत नाही, सगळे ओठ वाचतात; बापूंना घरीही तीच सवय. ते हसायचे आणि ओरडूनच उत्तर द्यायचे, कारण आपला आवाज किती मोठा येतोय ते त्यांना कळत नसे. लायनीत नव्याने राहायला आलेल्याला वाटायचं, या घरात रोज मारामारी होते. त्या गप्पा असायच्या.

जिजी साड्यांना स्टोन, म्हणजे चमकते खडे, चिकटवायची. मांडीवर साडी ताणलेली, डाव्या हातात गमचा, म्हणजे डिंकाचा, कोन, उजव्या हातात टोकाला मेण लावलेली काडी. काडीने स्टोन उचलायचा, गमच्या ठिपक्यावर टेकवायचा, बोटाने दाबायचा. हात असा चालायचा की बघणाऱ्याला झोप यावी, आणि तोंड असं चालायचं की झोप लागू नये. लायनीतल्या बहुतेक बायका हेच काम करत. माल आणून देणारा आणि तयार माल नेणारा परेशभाई नावाचा एक माणूस होता, मार्केटातल्या कुणा शेठचा. त्याच्याशी बोलायचं काम मात्र सगळ्या बायकांनी जिजीवर सोपवलेलं. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं. आवाज जिचा, वकिली तिची.

एकदा परेशभाईने शेजारच्या मंगलच्या साडीवरचा डाग दाखवून अख्खा पोटला, म्हणजे साड्यांचं गाठोडं, मजुरी न देता परत ढकलला. मंगल रडायलाच लागली. जिजीने काडी खाली ठेवली (ती काडी खाली ठेवते म्हणजे काय, हे परेशभाईलाही माहीत होतं), साडी उचलली आणि तिचा डागाचा भाग परेशभाईच्या नाकाला लावला. ‘सूंघ! गमनो वास आवे छे के तारी गाडीना ऑइलनो?’ तिची गुजराती म्हणजे अहिराणीला नेसवलेली गुजराती साडी. परेशभाई म्हणाला, ‘बेन, धीरे बोलो, लोको सांभळे छे.’ लोक ऐकतायत म्हणे. जिजी म्हणाली, ‘लोकांसाठीच तर बोलते!’ हे मराठीत, आमच्यासाठी. मग लायनीतल्या प्रत्येकाला तिने बोलावून तो डाग हुंगायला लावला. मलाही. मला कसलाच वास आला नाही, सर्दी झाली होती. मी खरं तेच सांगितलं. जिजी म्हणाली, ‘याले सोडी द्या, याना नाकमा बी कंप्युटर शे.’

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. भांडण लगेच केलं पाहिजे, उद्यावर टाकता कामा नये, असं तिचं मत. ‘भाकर नि शब्द, दोन्ही गरमच वाढाना.’ शिळ्या भांडणाचा तिला मनापासून तिटकारा होता.

मिसरी ती लहानपणापासून लावायची. आवाज बसला तेव्हा आम्हाला वाटलं, थंडी बाधली. माझी आई तर पहिल्या आठवड्यात म्हणाली, ‘बरं झालं बाई, जरा डोकं शांत.’ नंतर हे वाक्य आठवून ती स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची. सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि एके दिवशी डॉक्टरने जिजी-बापूंना समोर बसवून सांगितलं. मी सोबत होतो, कागद धरायला. डॉक्टरने तोंडाला मास्क लावलेला. बापूंना ओठ दिसेनात. ते डॉक्टरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. शेवटी जिजीनेच, बाहेरच्या बाकावर बसून, होता नव्हता तेवढा घोगरा आवाज काढून त्यांना सांगितलं, ‘बापू, मना आवाज काढी टाकतीन. जीव राही.’ समोरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बापू ओरडले, ‘कितला दिन?’ त्यांना वाटलं, आवाज काही दिवसांसाठी काढतात.

दुसऱ्याच दिवशी ती आमच्या दारात. ‘ए दिन्या, तू कंप्युटरमा शे ना? मना आवाज भरी ठेव.’

मी कंप्युटरमध्ये होतो म्हणजे कापडवाल्यांसाठी वेबसाइटची पानं बनवायचो. एवढंच येतं मला. हलवायाकडे औषध मागितलं तर तो पेढ्यात घालूनच देणार. मी ठरवलं, एक पान बनवायचं, त्यात जिजीचा आवाज भरायचा, एक कळ दाबली की एक वाक्य. फोनवरच करणार होतो, पण फोनची काच जिजीला ओळखेचना. वर्षानुवर्षं गम सुकून तिच्या बोटांची टोकं खापरासारखी झाली होती. ती काच दाबायची, ठोकायची, एकदा तर तिने ती कोपराने ढकलली. काच ढिम्म.

आमच्या ऑफिसात एक हातात मावणारा छोटा कंप्युटर धूळ खात पडला होता. लिनक्सवर चालणारा, जुन्या रेडिओएवढा, वर पडदा नि खाली खऱ्या, उठावाच्या कळा. आमच्या शेठने गोडाऊनमधला माल मोजायला नमुना म्हणून आणला होता आणि ‘आ तो मारा ससरा करतां धीमो छे’, सासऱ्यापेक्षा मंद, म्हणून खणात टाकला होता. मी मागितला, त्याने दिला. जिजीने तो हातात घेतला, कळ दाबली, कळ खाली गेली. ‘हां. हाई माले मानस.’ मला मान देतं हे यंत्र. लगेच तिने काडी काढली आणि कळांवर स्टोन चिकटवून टाकले: लाल, हिरवा, निळा, पांढरा. अक्षरं तिला येत नव्हती, ती खाली झाकली गेली. ऑफिसचं यंत्र होतं ते.

काय काय भरायचं ते मी विचार करून ठरवलं होतं. पाणी हवंय, दुखतंय, पंखा लावा, डॉक्टरला बोलवा. जिजीने पहिली दोन ऐकली आणि मला थांबवलं. ‘पानी ते हात करीसन बी मांगता येस. तू मनं भांडन भरी ले.’

मग आमच्या स्वयंपाकघरात, दार-खिडक्या लावून, आम्ही भांडण भरलं. आवाज रोज थोडा थोडा जात होता, म्हणून घाई. ती समोर परेशभाई आहे असं समजून बोलायची, आणि परेशभाईच्या जागी मी बसायचो. ‘ऊभो रहे, परेश! जाय छे क्यां?’ ‘आ डाघ मारो नथी!’ ‘मंगलना मालले हात लावशीन तर याद राख!’ बापूंसाठी काही भरू का, विचारलं. म्हणाली, ‘त्याले काय गरज शे? तो ओठ वाचस.’ एका वाक्याला तिला खोकला आला, तो तसाच भरला गेला. काढू का म्हटलं. ‘राहू दे. खोकला बी मनाच शे.’

आता चाचणी. छोट्या यंत्रात ब्राउझर चालवणं म्हणजे पोटले लादून पूल चढणारा टेम्पो. मोठा ब्राउझर घातला तर तो उघडेपर्यंत तांदूळ निवडून व्हायचे. दुसरा, हलका ब्राउझर भराभर उघडायचा, पान दाखवायचा, पण त्यातून आवाज निघत नसे. शेवटी मोठाच ठेवला, त्याचं नको ते सगळं बंद केलं. वेळ मोजायची पद्धत जिजीची. आमच्या टेबलापाशी बसून ती कळ दाबायची आणि साडीवर स्टोन लावायला घ्यायची. आवाज येईपर्यंत किती लागले, तो वेळ. सुरुवातीला अख्खं फूल व्हायचं. मग पाकळी. मग दोन स्टोन. मग एक. एक स्टोन लागायच्या आत आवाज आला तेव्हा मी टेबलावर हात आपटला. त्या आनंदात पानाच्या वर झेंडूचा हलता हार लावला. शोभेला. वायर खोचलेलीच होती.

ऑपरेशन झालं. जिजी परत आली ती गळ्याला भोक घेऊन. त्यावर ती साडीच्या उरलेल्या जाळीचा तुकडा बांधायची, कडेला स्टोन लावून. घरात फारसं काही बदललं नाही; ती ओठ हलवायची, बापू ओरडायचे. बाहेर मात्र सगळं बदललं. तिच्या ओठांकडे बघत उभं राहायला कुणाला वेळ नव्हता. बायका तिच्याशी मोठ्याने बोलायला लागल्या, जणू तिचेच कान गेले. आणि परेशभाईने तिच्या दारासमोर गाडी उभी करणंच सोडलं. पुढे जाऊन मंगलच्या दारात माल टाकायचा, डाग दाखवायचा, पोटला परत. मंगलचा पोटला परत आला, लायनीतल्या सीमाचा आला. त्या जिजीकडे यायच्या आणि तिचा गळा बघून मुकाट परत जायच्या. गळ्याचं दुखणं ती सोसत होती. हे तिला सोसत नव्हतं.

मी यंत्र नेऊन दिलं. मोठ्या ऐटीत. म्हटलं, ‘जिजी, उद्या परेशला दाखवा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर ती, मागे चार-पाच बायका, कडेला मी, रजा काढून. परेशभाई आला, मंगलच्या पोटल्यावर बोट ठेवून त्याचं ते सुरू झालं. जिजी उठली, रस्त्यात जाऊन उभी राहिली आणि लाल स्टोन दाबला.

पडद्यावर गोल फिरायला लागला.

वायर नव्हती. यंत्राने वेग उतरवला होता, सकाळपासून उघडं ठेवलेलं पान कधीच टाकून दिलं होतं, आणि आता सगळं नव्याने आणत होतं. सगळ्यात आधी माझा झेंडूचा हार. एक एक फूल.

‘बोलो ने बेन, शुं कहेवुं छे?’ परेशभाई म्हणाला. वाईट बोलला नाही तो, हे सांगितलं पाहिजे. थांबला जरा. जिजीने पुन्हा लाल दाबला. पुन्हा. मग तिन्ही-चारी कळा. हार हलत होता. त्याने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, किक मारली आणि गेला. वळणावरून गाडी दिसेनाशी झाली.

आणि मग आवाज आला. पूर्वीचाच, घोगरा झाला तरी भरदार, खोकल्यासकट. ‘ऊभो रहे, परेश! जाय छे क्यां?’ रिकाम्या गल्लीत. लाल जितक्या वेळा दाबला होता तितक्या वेळा, आणि मागोमाग बाकीच्या कळांची वाक्यं, एकामागून एक. नळाशी झोपलेला कुत्रा उठून उभा राहिला. तो आवाज आम्ही किती दिवसांनी ऐकत होतो. मंगलने तोंडात पदर कोंबला. जिजी हातातल्या यंत्राकडे बघत होती, आपल्याच घरात भलतंच कुणी बोलत असावं तसं. मग ते तिने ओट्यावर पालथं ठेवलं, बसली, काडी उचलली.

मी काहीतरी बॅटरीचं समजावायला गेलो. तिने मान वर केली नाही.

त्यानंतर ती जेवेनाशी झाली. ऑपरेशननंतर नाकात बसवलेल्या नळीतून द्यायचं ते बापू द्यायचे, ती तोंड फिरवायची. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन तिच्या ओट्यावर बसायचो, यंत्र घेऊन, वायर न लावता, उन्हाने तापलेल्या पत्र्याची धग अंगावर घेत. तिथे वेगळीच गोष्ट कळली: यंत्र तापलं की आणखी मंदावतं. माझ्या पंख्याखाली ते कधी तापलंच नव्हतं. मी पानातलं एक एक काढत गेलो. रंग काढले, सुंदर अक्षरं काढली. हार काढताना जिजीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या गळ्यात हार घातल्याची खूण केली, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली. मेलेल्याला घालतात, मला कशाला घातलास? मग हसली. हसण्याचा आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले. ते बघून बापू आतून ओरडले, ‘काय व्हयनं?’

तिथून ती पुन्हा चाचणीला बसली. ती कळ दाबायची, काडी चालवायची. आवाज आला की झालेले स्टोन मला दाखवायची, आणि चेहरा असा करायची की मी परीक्षेत बसलोय. मी तेच वाक्य दहा प्रकारांनी साठवून पाहिलं. आवाज बारीक करून पाहिला, तिने तो नाकारला. बारीक आवाजात भांडायचं कसं? एका रविवारी कळ दाबली आणि तिची काडी डबीपर्यंत पोहोचायच्या आत ओट्यावर तिचाच आवाज उभा राहिला. वायर नव्हती. ऊन होतं.

परेशभाईला तो आवाज मंगळवारी मिळाला. तो वळला, जिजीचे मिटलेले ओठ बघितले, आणि गाडीवरून उतरून थेट ओट्याच्या कडेला बसला. ‘माताजी!’ म्हणाला. मंगलचा पोटला त्याने घेतला. बायका इतक्या हसल्या की सीमाला ठसका लागला. त्या दिवशी जिजीने नळी स्वतः हातात धरली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट बरी दिसली असती. पण पुढच्या वेळी परेशभाई वेगळंच काही घेऊन आला. नवा माल, नवी तक्रार, गम पिवळा पडतो म्हणे. जिजीने लाल दाबला, ते वाक्य लागू नव्हतं. निळा दाबला, तेही नाही. ती एकामागून एक सगळ्या कळा दाबत गेली, आणि यंत्र झटपट, अगदी झटपट, चुकीचं बोलत गेलं. पिवळ्या गमबद्दल तिने आवाज होता तेव्हा काही म्हटलंच नव्हतं. परेशभाई आता घाबरत नव्हता. कळवळून बघत होता, ते जास्त वाईट होतं. मी म्हटलं, ‘जिजी, अक्षरं शिकवतो, लिहून बोलता येईल.’ तिने यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि परेशभाईकडे वळून हातवारे करायला लागली, ओठ भराभर हलवत. बापू बाहेर आले. ती बोलत होती, बापू तिच्या तोंडाकडे बघून तेच ओरडत होते, गुजरातीचा पार चुराडा करत. कधी कधी एखादं वाक्य मागे राहायचं, कधी बापू स्वतःचंही घालायचे. परेशभाईला निम्मं कळलं. पोटला मात्र त्याने नेला.

उन्हाळ्यात दुखणं परत आलं. दवाखान्यातून घरी नेऊन ठेवा म्हणाले. कामरेजला दिलेली मुलगी येऊन राहिली. मी यंत्राचं काम सोडलं नाही, का ते विचारू नका. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. मी मोठा ब्राउझर काढून टाकला, हलक्यालाच कसंबसं आवाज काढायला शिकवलं. आता कळेवरून बोट उचलायच्या आत वाक्य निघायचं. उन्हात, वायरीशिवाय, दिवसभर. असं चाललेलं मी कुठेच पाहिलं नव्हतं.

ते दाखवायला गेलो. दारापाशी खाट ओढलेली, स्टुलावर टेबलपंखा, पत्रा तापलेला. जिजी उरली होती ती एवढीशी. गळ्याची जाळी स्वच्छ, कडेचे स्टोन जागच्या जागी. बापू खाटेच्या पायथ्याशी, नजर तिच्या तोंडावर. मी खाटेजवळ उभा राहिलो आणि सांगायला लागलो. ब्राउझर बदलला, मेमरी कमी लागते, बघा ना. लाल दाबला. निळा. पांढरा. तिचं सगळं भांडण त्या खोलीत भराभर बोलून घेतलं मी. मंगल दारात येऊन उभी राहिली.

जिजीचे ओठ हलले. मी वाकलो. काही कळलं नाही. पुन्हा हलले, या वेळी सावकाश, माझ्याकडे बघत. मी बापूंकडे वळलो. ‘काय म्हणतायत?’

बापूंनी तिच्याकडे एकदा बघून खात्री केली आणि अख्ख्या लायनीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, ‘ती म्हनस, पंखाना पुढथीन सरक, येडा! माले वारा लागी नही राह्यना!’